मार्गारेटची खोली

माझ्या धंद्याला मराठीत नाव नाही. इंग्रजीत टायटल सर्चर म्हणतात. पिकनिकला कुणी विचारलं, "काकू, तुम्ही नक्की काय करता?" की मी सांगायची, "मेलेल्या माणसांची कागदपत्रं वाचते." मग समोरचा माणूस घाईघाईने बटाटेवडे आणायला जायचा. आता रिटायर झाले आहे आणि दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई हात धुऊन मागे लागल्या आहेत, म्हणून लिहिते. ज्यांना वडे आणायचे असतील त्यांनी आत्ताच उठावं.

माझे वडील वर्ध्याकडे तलाठी होते. सातबाऱ्यावर मालकाचं नाव कुणीही वाचतं, पण खाली 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. कुणाची वाट आहे, कुणाची विहीर आहे, कुण्या विधवा वहिनीचं पोट त्या जमिनीवर आहे, ते सगळं तिथे. वडील आधी तो रकाना वाचायचे. मी नागपूरला एलएल.बी. केलं, लग्न करून अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले. नवरा पीएच.डी. करत होता आणि माझा व्हिसा घरी बसून पोळ्या लाटण्याचा होता. ग्रीन कार्ड आलं तेव्हा पहिली नोकरी मिळाली ती तासाभरावरच्या एका कोर्टहाउसच्या तळघरात. तिथेच आयुष्य गेलं. करिअर-पुराण संपलं.

काम असं. तुम्ही घर घेता, तेव्हा विकणारा खरंच मालक आहे का हे कुणीतरी बघावं लागतं. त्याला कुणी विकलं, त्याच्या आधी कुणी, त्याच्या बापाने मृत्युपत्रात काय लिहिलं, अशी साखळी मागे मागे ओढत जायची. बहुतेक सर्चर साठेक वर्षं मागे जाऊन थांबतात, तेवढं पुरतं. मी थांबत नसे. कुणी सांगितलं नव्हतं, अंगातली खाज म्हणा. मी अगदी पहिल्या माणसापर्यंत जायची, ज्याला सरकारने जंगलाचा तुकडा कागदावर लिहून दिला त्याच्यापर्यंत. त्याच्या आधी जमीन कुणाची होती, ते आमच्या पुस्तकांत नाही. माणसं राहत होती, नांगराखाली त्यांच्या बाणांची टोकं अजून निघतात. पण इंडेक्समध्ये त्यांचं एक नाव नाही. पहिलं पान उघडताना मला दर वेळी जरा कसंतरी व्हायचं, खोटं कशाला बोलू.

त्या पहिल्या लोकांची मृत्युपत्रं म्हणजे एकेक नमुना असायची. सगळीकडे जंगल, वकील दोन दिवसांच्या वाटेवर, मग मरणारा माणूस सुचेल ते सांगायचा आणि शेजारी लिहून घ्यायचा. वरचं शेत थोरल्याला, ओढ्याकाठचं धाकट्याला. बायकोला मात्र काय? चुलीची पूर्वेकडची अर्धी बाजू, एक गाय, तीन झाडांची सफरचंदं, आणि 'मुलाने तिच्या चुलीत मावतील एवढ्या लांबीची लाकडं फोडून दाराशी आणून टाकावीत.' का हो, एवढं लिहून ठेवावं लागलं म्हणजे पोरगा कसा असेल! आणि बाईने पुन्हा लग्न केलं तर अंगावरचे कपडे आणि खोगीर घेऊन निघायचं. असली वाक्यं वाचून मी तळघरात एकटी हसायची, मग एकटीच गप्प व्हायची.

एकदा एका नव्या वसाहतीतल्या बाईचं काम आलं. तिच्या बॅकयार्डच्या जागेचं जुनं मृत्युपत्र सापडलं, त्यात ओळ होती, 'अर्धा एकर माझ्या मेलेल्यांसह वगळून.' मी फोन केला, की बाई, तुमच्याकडे कब्रस्तान असावं. ती म्हणाली, "मुलांच्या ट्रॅम्पोलिनखाली हिवाळ्यात बर्फ आधी वितळतो. सहा लांबट चौकोन दिसतात. त्यातले दोन छोटे आहेत." त्यांनी ट्रॅम्पोलिन हलवलं. दुसरं काय करणार होते?

पण आज सांगायचं आहे ते मार्गारेटचं. हे मी नवऱ्यालासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

निखिल आणि अदिती ही आमच्या ओळखीतली जोडी. निखिल पुण्याहून एम.एस.ला आला, इथेच मटेरिअल्स सायन्समध्ये रिसर्च करतो, आणि अदिती नाशिकची. त्यांना शहराबाहेर जुनं दगडी घर हवं होतं. मिळालं ते एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईचं. मिस रूथ. लग्न केलेलं नाही, भावंडं गेली, घराण्यातली शेवटची. पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून विकायला काढलं होतं. त्यांनी अट घातली, कागद वाचणाऱ्या बाईला मला भेटायचंय. मी कधी घरं बघायला जात नाही, पण अदिती म्हणाली, "काकू, चला ना, प्लीज. त्या जरा वेगळ्या आहेत." म्हणून गेले.

नोव्हेंबरातली दुपार होती. रूथबाईंनी सूप केलं होतं. आम्ही चौघं आणि टेबलावर ताटल्या पाच. मी उचलायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे. बरोबर आहेत."

मग त्यांनी आम्हाला उत्तरेकडची खोली दाखवली. साधी खोली, एक पलंग, त्यावर गोधडी, खिडकीशी खुर्ची. इथे कोण राहतं, असं निखिलने विचारलं. "अजून कुणी नाही," रूथबाई म्हणाल्या, "पण अंथरूण मी दर शनिवारी बदलते." मी कितीतरी बंद खोल्यांत गेले आहे, त्यांना एक कोंदट वास असतो. तो इथे नव्हता. उत्तरेची खोली, हीटर नाही, बाहेर गारठा, आणि आत चांगली ऊब होती. आत्ताच कुणी पलंगावरून उठून गेल्यावर असते तशी. अदितीने माझ्याकडे पाहिलं. मी उगाच खिडकीच्या काचा बघत बसले.

निघताना रूथबाईंनी माझा हात धरला. "आमच्या प्रत्येक खरेदीखतात एक ओळ आहे. ती राहील ना?"

मी म्हटलं, "माझ्या हातून कधी एक ओळ सुटलेली नाही." काय तो माझा तोरा!

दुसऱ्या दिवशी तळघरात गेले. ओळ खरंच होती. या मालकापासून त्या मालकाकडे, पिढ्यान् पिढ्या, प्रत्येक खतात तेच शब्द, 'जेकबच्या मृत्युपत्रात राखलेल्या हक्कासह.' इतकी जुनी ओळ की कुणी तिचा अर्थ बघत नव्हतं, नुसती उतरवून घेत होते. दुसरी कुणी सर्चर असती तर तिनेही उतरवली असती आणि चहा प्यायला गेली असती. मी जेकबचं मृत्युपत्र शोधलं. दोन दिवस लागले. कडा उंदरांनी खाल्लेल्या, शाई तपकिरी. मुलगे, शेतं, बायको, गाय, सगळं नेहमीचं, आणि शेवटी हे:

'माझी मुलगी मार्गारेट मागच्या पानगळीत झऱ्यावर पाणी आणायला गेली, ती अजून आलेली नाही. घराची उत्तरेकडची खोली, पलंग, अंथरूण-पांघरूण आणि टेबलाशी एक जागा मी तिला देतो. घर ज्याच्या हाती असेल त्याने ती येईपर्यंत तिच्यासाठी राखावी.'

बस. ती कुठे गेली, कुणी नेली, की कुणाबरोबर गेली, बापाने एक अक्षर लिहिलेलं नाही. मेली असंही लिहिलेलं नाही. मला मुलगी आहे, ती सिॲटलला असते, आठवड्याला फोन करते, आणि एखादा फोन चुकला की माझा जीव खालीवर होतो. तो कागद हातात धरून मी तळघरात रडले. डोळे पुसले आणि मग ते सगळं, शब्दन् शब्द, माझ्या रिपोर्टमध्ये लिहिलं. तिथेच मी चुकले. मला वाटत होतं, मी त्या पोरीचा हक्क नीट नोंदवते आहे.

चार दिवसांत निखिलचा फोन आला. "काकू, प्रॉब्लेम झालाय. बँकेचा वकील लोन होल्ड करतोय. म्हणतो, घरातल्या एका खोलीवर थर्ड पार्टीचा हक्क आहे, तो क्लिअर करा."

"अरे, ती थर्ड पार्टी दोनशे वर्षांपूर्वीची आहे!"

"मी तेच बोललो. तो म्हणतो, नुसती ओळ असती तर आम्ही पाहिलं नसतं. आता पूर्ण वाचलंय, म्हणजे माहीत नाही असं म्हणता येत नाही." मग म्हणाला, "तुम्ही ते एवढं सगळं लिहिलंत कशाला?"

बघते काय करता येतं ते, म्हणून मी फोन ठेवला.

अशा वेळी उपाय एकच असतो. कोर्टात दावा लावायचा, त्या माणसाच्या विरुद्ध, मग ते मेलेलं असो की हरवलेलं. त्याला कळवावं तर लागतंच. पत्ता नसेल तर वर्तमानपत्रात नोटीस द्यायची आणि एक प्रत घराच्या दाराला लावायची. दिलेल्या मुदतीत आलं नाही तर हक्क संपला. मी अशा ढीगभर नोटिसा केल्या होत्या. त्या शनिवारी ट्रॅक्टरच्या आणि चर्चच्या जेवणाच्या जाहिरातींमध्ये ही छापून आली: 'मार्गारेट, जेकबची मुलगी, हिस: या घरावर तुमचा काही हक्क असल्यास वीस दिवसांत कोर्टात हजर व्हावे.' मसुदा माझाच होता. छापील अक्षरांत तिचं नाव वाचलं आणि पेपर उलटा करून ठेवला.

रूथबाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या दाराला कागद लावून गेलेत. तू म्हणाली होतीस, ओळ राहील."

मी माफी मागितली, कायदा समजावून सांगितला, तुम्ही वारस म्हणून उभ्या राहून विरोध करू शकता असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी कशी उभी राहू? खोली माझी नाही."

तारखेला सकाळी अकरा वाजता आम्ही कोर्टात होतो. निखिल-अदिती, त्यांचा वकील, मी, आणि अगदी मागच्या बाकावर टोपी घालून रूथबाई. न्यायाधीश जुन्या वळणाचे. गैरहजर माणसाच्या नावाचा कॉरिडॉरमध्ये तीनदा पुकारा झाल्याशिवाय सही करत नसत. आपल्याकडे नागपूरला शिपाई ओरडतो ना, तस्संच. इथला पुकारेवाला बाहेर गेला आणि त्याने नाव घेतलं. मार्गारेट. लोकांची ये-जा चालली होती, ती थांबली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग न्यायाधीशांनी पेन उचललं, आणि हातात धरून ते दाराकडे बघत राहिले. वाट बघायला काही कारण नव्हतं, पण ते थांबले, आणि आम्हीही सगळे वळून दाराकडेच बघत होतो. मग सही झाली.

बाहेर पायऱ्यांवर रूथबाईंनी मला गाठलं. "आम्ही तिची वाट बघितली," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने, तिच्या आईने, सगळ्यांनी. पण तिला हाक कधी कुणी मारली नव्हती. आज तू मारवलीस. आता ती येईल, आणि तिला द्यायला खोली नाही."

त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि हिवाळा संपायच्या आत वारल्या. मी भेटायला गेले नाही. आज जाते, उद्या जाते करत राहिले. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

पुढच्या वर्षी मी रिटायर झाले. ऑगस्टमध्ये एक दिवस निखिल एकटाच घरी आला. हा मुलगा वारा कुठून येतो तेही मोजून सांगणारा. चहा तसाच ठेवून म्हणाला, "काकू, हसू नका."

"बोल तर."

"मागच्या दाराची दगडी पायरी रोज दुपारी ओली होते. पाऊस नाही, गवत वाळून गेलंय. प्लंबर झाला, पाइप चेक केले, कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात कुणी येत नाही, नुसता दगड भिजत जातो. बादली ठेवल्यावर उमटतं तसं एक गोल. आणि शेजारी पावलं. अनवाणी, लहान. उंबऱ्यापर्यंत येतात. आत येत नाहीत."

"मग परत कुठे जातात?" मी विचारलं.

"परत जाणारी पावलं नसतात, काकू. नुसती उभी असल्यासारखी. संध्याकाळी वाळतात. दुसऱ्या दिवशी परत. अदिती म्हणते, दार उघडं ठेवलं तरी ती येत नाही, कारण दाराला लावलेला कागद तिने वाचलाय. तुझा हक्क संपला असं आपणच सांगितलंय. अदितीला जेवण जात नाहीये. घर विकू म्हटलं तर रडते, म्हणते, मग तिला कोण विचारेल?"

मी भुतंखेतं मानत नाही. पण एक पोर दारात रोज ताटकळते आहे आणि तिचा कागद मी रद्द करवला, हे मला मानावंच लागलं.

"तिला परत लिहून देता येईल का?" निखिलने विचारलं.

ओळखीचे दोन वकील हसले. मेलेल्या माणसाला हक्क देता येत नाही, म्हणाले. मेली असं कुठे लिहिलंय, मी विचारलं, तर हसायचे थांबले, पण कागद काही करून देईनात. मग मीच बसले. नोंदणीच्या खिडकीवर सही आणि नोटरीचा शिक्का बघतात, आत काय लिहिलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? निखिल आणि अदिती, घराचे मालक, हे मार्गारेटला उत्तरेकडची खोली, पलंग, अंथरूण-पांघरूण आणि टेबलाशी एक जागा देत आहेत. बापाने 'ती येईपर्यंत' लिहिलं होतं. ते मी गाळलं. 'ती राहील तोवर' असं लिहिलं.

खिडकीवरच्या मुलीने कागद चाळला. "घेणारीचा पत्ता नाही. पत्त्याशिवाय नोंद होत नाही."

मी त्याच घराचा पत्ता लिहिला. तिने शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे गेले. अदितीचे डोळे आत गेले होते. तिने उत्तरेच्या खोलीत धुतलेली चादर घातली होती, टेबलावर चार पानं मांडली होती. मागचं दार सताड उघडं होतं. ऊन असं की डोळे दिपावेत. आणि पायरी ओली होती, निखिलने सांगितलं होतं तशी. बादलीचं गोल, आणि दोन पावलं, बोटं घराकडे. इतकी लहान असतील असं मला वाटलं नव्हतं.

मी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचला, नोंदीच्या क्रमांकापर्यंत. तिच्या बापाने ज्या शब्दांत तिला खोली दिली होती, ते शब्द जसेच्या तसे आले तेव्हा मला थांबावं लागलं. कागद संपला, पण माझं संपेना. इंग्रजी सुटली आणि मी मराठीतच बोलत सुटले. "बाई गं, चूक माझी. तुला हाक मारली आणि दार लावून घेतलं. तुझ्या लोकांनी किती वर्षं तुझं अंथरूण घातलं. मी दोन कागदांत सगळं उधळलं. रागावू नकोस. खोली तुझीच आहे. ये."

अदिती आतून पोळीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. लांबून आलेल्या लेकीला दारात थांबवून भाकरतुकडा ओवाळतात, ते तिने आईकडे पाहिलेलं. मी म्हटलं, "अगं, ओवाळणार कशाभोवती?" तिने पायरीकडे बघितलं आणि हात आपल्या खांद्याच्या उंचीला नेला. "एवढीशीच असेल," म्हणाली. तीनदा ओवाळलं, तुकडा बाहेर टाकला, आणि त्या दोन पावलांवर पाणी घातलं. घालताना ती रडत होती, निखिलही.

उंबऱ्याच्या आत आम्ही तिघं दार अडवून उभे होतो. आम्ही बाजूला झालो.